झोपेतली जाणीव: मेंदूवाले आणि भिक्षू नेमके कुठे अडतात?

रात्रपाळी

ल्युसिड ड्रीमिंगवर, म्हणजे स्वप्नात 'हे स्वप्न आहे' असं कळण्यावर, इथे आधीही धागे निघालेत. त्यांत दोनच सूर लागतात. एक, 'हे आपल्याकडे हजारो वर्षांपूर्वीच होतं.' दोन, 'सगळं थोतांड आहे.' मला वेगळ्याच गोष्टीवर बोलायचंय. १९८७ पासून मेंदूचे अभ्यासक आणि बौद्ध भिक्षू समोरासमोर बसून मनावर बोलताहेत. झोप आणि स्वप्न या विषयात त्यांचं कुठे जमलं आणि कुठे फाटलं? माझं मत आधीच सांगून टाकते: स्वप्नापर्यंत चांगलं जमलं, गाढ झोपेपाशी फाटलं, आणि जिथे फाटलं तिथेच खरी गंमत आहे.

मी स्लीप लॅबमध्ये काम करते. पेशंट बहुतेक घोरण्याचे, श्वास अडकण्याचे. स्वप्नांसाठी कोणी येत नाही. पण आमचं रोजचं एक काम या विषयाशी थेट जोडलेलं आहे. डोक्याला पेस्ट लावून वायरी चिकटवतो, हनुवटीखाली स्नायूंसाठी लावतो, आणि दोन डोळ्यांच्या बाहेरच्या कोपऱ्यांशी एकेक, एक जरा वर, एक जरा खाली. दिवा मालवल्यावर इंटरकॉमवरून सांगतो, "काका, डोकं हलवू नका, नुसते डोळे डावीकडे न्या. आता उजवीकडे. परत डावीकडे." स्क्रीनवर डोळ्यांच्या दोन रेषा एकमेकींच्या उलट उसळतात. वायरी नीट बसल्यात की नाहीत एवढंच त्यातून बघायचं असतं.

रेम झोप (डोळे भरभर हलतात आणि स्वप्नं पडतात ती) लागली की हनुवटीची रेष सपाट होते, कारण शरीराचे स्नायू सैल पडतात. डोळे मात्र मोकळे असतात. (रेम सापडली १९५३ साली, शिकागोत, असेरिन्स्की आणि क्लाइटमन यांना.) इंग्लंडात हल विद्यापीठातल्या कीथ हर्न यांनी १९७५ साली याचाच फायदा घेतला. अ‍ॅलन वर्स्ली नावाच्या माणसाला स्वप्नात 'हे स्वप्न आहे' असं कळायचं. त्याच्याशी आधीच ठरवलं: कळलं की डोळे डावीकडे-उजवीकडे फिरवायचे. तो झोपला, स्वप्न पडलं, आणि कागदावर ठरलेली खूण उमटली. पुढे स्टॅनफर्डमध्ये स्टीफन लाबर्ज यांनी हेच स्वतंत्रपणे केलं, १९८१ मध्ये छापलं. तोवर झोपतज्ज्ञांचं म्हणणं असायचं की अशी माणसं मध्ये क्षणभर जागी होत असणार. रेष म्हणाली, नाही, माणूस झोपलेलाच आहे.

आता दुसरी बाजू. तिबेटी परंपरेत अकराव्या शतकातल्या नारोपांच्या नावावर सहा योग सांगतात. त्यांत स्वप्नयोग एक आणि प्रभास्वराचा, म्हणजे निर्मळ प्रकाशाचा, योग एक. स्वप्नयोगाची तयारी दिवसाच सुरू होते. समोर दिसतंय ते स्वप्नासारखं आहे असं दिवसभर मनात धरायचं, रात्री झोपताना लक्ष कंठाशी ठेवायचं. स्वप्नात जाग आली की आग दिसली तर पाणी करायचं, एकाचे अनेक करायचे, भीती वाटली तर त्यातच उडी घ्यायची. हा खेळ नाही. मेल्यावरच्या मधल्या अवस्थेत मन भांबावून जाऊ नये म्हणून केलेला सराव आहे. आणि पुढची पायरी म्हणजे स्वप्नही विरू द्यायचं आणि स्वप्नाविना झोपेत जागं राहायचं.

ऑक्टोबर १९९२ मध्ये धरमशालेला दलाई लामांकडे 'माइंड अँड लाइफ' या संवादमालेची चौथी बैठक झाली ती नेमकी झोप, स्वप्न आणि मृत्यू यांवर. फ्रान्सिस्को वरेला हे चिलीचे मेंदूशास्त्रज्ञ, स्वतः साधना करणारे, तिथे झोपेच्या पायऱ्या समजावत होते. अपस्माराचे तज्ज्ञ जेरोम एंगेल होते, ल्युसिड स्वप्नांवर काम केलेल्या जेन गॅकेनबाख होत्या, तत्त्वज्ञ चार्ल्स टेलर होते. स्वप्नातल्या जागेपणावर फार वाद झालाच नाही. इकडे रेष होती, तिकडे पिढ्यांचा सराव होता, दोन्ही एकाच माणसावर ताडून बघता येत होते.

गाडी अडली ती सूक्ष्म मनापाशी. दलाई लामा ज्या परंपरेतून बोलतात तिच्यात मनाचे थर आहेत. वरचं, रोजचं, स्थूल मन मेंदूवर अवलंबून आहे हे त्यांना मान्यच आहे. पण अगदी तळाचं प्रभास्वर मन मेंदूवर टेकलेलं नाही, असं ती परंपरा मानते. गाढ झोपेत ते नकळत डोकावतं, साधकाला ते ओळखता येतं. मेंदूवाल्यांच्या मते गाढ झोप म्हणजे जाणीव विझण्याचं ठरलेलं उदाहरण. कित्येक पुस्तकांत तर जाणिवेची व्याख्याच अशी असते, 'जी गाढ झोपेत नसते ती'.

तुम्हाला काय वाटतं? ग्रंथातलं, अनुभवातलं, प्रयोगातलं, काहीही चालेल. फक्त 'क्वांटम' हा शब्द नको.

चिंचेचा_पाला

वाचतोय. शेवटच्या वाक्यासाठी स्वतंत्र +१.

खडूस_काका

लेख चांगला आहे. पण १९७५ ची खूण म्हणजे एकतर्फी तार. झोपलेल्याने पाठवली, आपण वाचली. आपण काही विचारलं तर उत्तर येतं का? २०२१ साली चार प्रयोगशाळांनी मिळून ते केलं, त्यावर लोक फार नाचले. आकडे बघा. १५८ वेळा प्रश्न विचारले, बरोबर उत्तरं २९. म्हणजे १८ टक्के. माझ्या वर्गात एवढे मार्क पडले असते तर पालकांना बोलावलं असतं.

रात्रपाळी

काका, पूर्ण गुणपत्रिका बघा की. ९६ वेळा काहीच उत्तर नाही, २८ वेळा खूण धूसर, आणि चुकीची उत्तरं फक्त ५. म्हणजे ऐकू आलं तेव्हा बहुतेक बरोबरच आलं. 'आठातून सहा गेले किती' याला झोपलेल्या माणसाने दोनदा डोळे फिरवून 'दोन' म्हटलं. अंदाजपंचे उत्तरं देत असता तर चुका ढिगाने झाल्या असत्या. आणि काहींना तो प्रश्न स्वप्नातच गाडीच्या रेडिओवर लागल्यासारखा ऐकू आला, ही मला सगळ्यात आवडलेली गोष्ट.

खडूस_काका

चुका पाच, हे मान्य. रेडिओचं मला माहीत नव्हतं. झकास आहे.

संथागार

ताई, तुमच्या मांडणीत 'बौद्ध' म्हणजे तिबेटी, आणि तिबेटी म्हणजे दलाई लामा, असं धरून चालला आहात. नागपूरकर म्हणून मला हे खटकतं. १४ ऑक्टोबर १९५६ ला इथे ज्यांनी धम्म स्वीकारला त्यांच्या घरांत बार्दो (मेल्यावरची मधली अवस्था) आणि प्रभास्वर यांवर कोणी वाढलेलं नाही.

बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात हा प्रश्न अंगावर घेतला आहे. आत्मा तर नाहीच, मग पुनर्जन्म कशाचा? तिथे ते देह आणि जाणीव यांचा संबंध विजेच्या उदाहरणाने सांगतात. विद्युतक्षेत्र असलं की सोबत चुंबकीय क्षेत्र असतंच, तशी देह असला की जाणीव. देहाला सोडून तरंगणारं सूक्ष्म मन त्यात कुठेच बसत नाही. १९५७ साली प्रसिद्ध झालेलं पुस्तक आहे हे. तेव्हा मेंदूशास्त्राशी संवाद करायला धरमशालेला जायची गरज नाही, दीक्षाभूमीवरही त्याची तयारी आधीच झाली होती. गंमत म्हणजे इथे 'बौद्ध' बाजू मेंदूवाल्यांच्या जास्त जवळ बसते.

पाली_पान

संथागार यांचा मुद्दा रास्त आहे, त्यात थोडी भर. मी पाली शिकवत असे, आता निवृत्त आहे. तिबेटी साहित्याच्या कितीतरी आधी स्वप्नातल्या जाणिवेचा प्रश्न विनयात, म्हणजे भिक्षूंच्या नियमांत, आलेला आहे, आणि तो अगदी जमिनीवरचा आहे. जाणूनबुजून वीर्यपात करणं हा भिक्षूसाठी गंभीर दोष. मग काही भिक्षू चांगलंचुंगलं जेवून, सावधपण न ठेवता झोपले, आणि स्वप्नात तसं घडलं. सकाळी मनाला टोचणी लागली: आपल्याला दोष लागला का? नियमाला जोड दिली गेली, 'अञ्ञत्र सुपिनन्ता', स्वप्न सोडून. पण कारण काय दिलंय ते बघा. स्वप्नात चेतना, म्हणजे हेतू, नसतोच असं म्हटलेलं नाही. हेतू असतो, पण तो हिशेबात धरायचा नाही, असं म्हटलंय. मला हे फार सूक्ष्म वाटतं.

वसुबंधू या बौद्ध आचार्यांच्या 'विंशतिके'तही हाच धागा आहे. स्वप्नात खून केला तर जागेपणीच्या खुनाइतकं फळ का नाही? उत्तर: 'मिद्धेनोपहतं चित्तं', स्वप्नात चित्त गुंगीने दुबळं झालेलं असतं. मग रात्रपाळीताई, स्वप्नात पूर्ण जाग आलेल्याने तिथे कुणाला मारलं तर? वसुबंधूंच्या कसोटीवर तो सुटत नाही!

आणि 'मिलिंदपञ्ह'. राजा मिलिंद भिक्षू नागसेनांना विचारतो, स्वप्न झोपेत पडतं की जागेपणी? नागसेन म्हणतात, दोन्हीत नाही. गुंगी चढलीय पण चित्त अजून भवंगात, म्हणजे गाढ झोपेतल्या शांत प्रवाहात, पोचलेलं नाही, त्या मधल्या वेळात. त्याला ते माकडाची झोप म्हणतात.

उडता_पाचोळा

म्हणजे रेम झोप नागसेनांना माहीत होती!!! तेही दोन हजार वर्षांपूर्वी! अजून काय पुरावा हवा?

पाली_पान

नाही हो. त्याच प्रकरणात स्वप्नं पडण्याची कारणं दिलीत: वात, पित्त, कफ, देवतांचा प्रभाव, नेहमीची सवय, आणि पुढे घडणाऱ्याची पूर्वसूचना. यांतलं शेवटचं तेवढं खरं, बाकी मिथ्या, असंही म्हटलंय. एक ओळ उचलून रेमशी जुळवायची तर कफाची आणि देवतांची ओळही घ्यावी लागेल. नागसेनांचं निरीक्षण तीक्ष्ण आहे एवढं म्हणू. माकडाच्या मेंदूला वायरी कोणी लावल्या नव्हत्या.

भवंगाची माहिती हवी असेल त्यांनी अभिधम्मावरची (बौद्धांच्या मनोविश्लेषणाच्या शास्त्रावरची) धर्मानंद कोसंबींची 'नवनीत टीका' बघावी. गोव्यातल्या सांखवाळच्या माणसाने हे शास्त्र किती लख्ख करून ठेवलंय. थेरवादात, म्हणजे पाली परंपरेत, गाढ झोपेत चित्तप्रवाह थांबत नाही, भवंगरूपाने चालू राहतो. पण त्या वेळी 'मला कळतंय' असं काही नसतं. तिबेटी प्रभास्वराशी त्याची सरमिसळ करू नये. 'पभस्सरमिदं चित्तं' (हे चित्त प्रकाशमान आहे) हे वाक्य अंगुत्तर निकायात आहे खरं, पण त्यावरून मेंदूबाहेरचं मन सिद्ध होत नाही.

तूर्या

सगळे बौद्धांवरच थांबलात. मांडूक्य उपनिषद बारा मंत्रांचं आहे आणि त्यात जागृती, स्वप्न, सुषुप्ती (गाढ झोप), तुरीय (त्यापलीकडची चौथी अवस्था) अशी सरळ विभागणी आहे. उठल्यावर आपण म्हणतो, 'छान झोप लागली, काही कळलं नाही.' ते 'काही कळलं नाही' हे तरी कोणाला कळलं? आठवण व्हायला आधी अनुभव लागतो. म्हणजे गाढ झोपेत साक्षी, आतून नुसता बघणारा, होताच. वेदान्ताचा हा युक्तिवाद अजून कोणी खोडलेला नाही.

खडूस_काका

आपल्याच घरात खोडलाय की! नैयायिक, म्हणजे न्यायदर्शनवाले, म्हणतात, ती आठवण नाही, अनुमान आहे. रात्री अकराला आडवा झालो, आता सकाळ झालीय, अंग हलकं वाटतंय, मधलं काही आठवत नाही. म्हणजे झोपलो होतो. साक्षी कशाला हवा?

रात्रपाळी

तूर्या, काका, हा जुना वाद आता मेंदूवाल्यांच्या मासिकांत आलाय. तत्त्वज्ञ इव्हान थॉम्प्सन यांनी २०१५ च्या पुस्तकात वेदान्त आणि न्याय यांची हीच जुगलबंदी मांडलीय. पुढच्या वर्षी जेनिफर विंट, टोरे नील्सन आणि ते, तिघांनी मिळून सरळ विचारलं: स्वप्नाविना झोपेत जाणीव खरंच नाहीशी होते का? त्यांचं म्हणणं, 'स्वप्न नाही' म्हणजे 'अनुभव नाही' हे गृहीत धरू नका. आधी नीट प्रकार पाडा.

झोपेचंच बोलायचं तर २०१७ साली फ्रांचेस्का सिक्लारी आणि जुलिओ तोनोनी यांच्या गटाने लोकांना रात्रभर पुनःपुन्हा उठवून विचारलं. नॉन-रेम, म्हणजे रेम सोडून बाकीच्या, झोपेतही लोक कितीदा तरी काहीतरी अनुभवत असतात असं निघालं. जेव्हा अनुभव होता तेव्हा मेंदूच्या मागच्या भागात संथ लहरी कमी झालेल्या. पुढचा भाग झोपेत असो नसो, मागचा पट्टा जागा असला की काहीतरी दिसतं-जाणवतं. म्हणजे 'रेम तिथे स्वप्न, बाकी अंधार' हे गणित खुद्द मेंदूवाल्यांनीच मोडलं.

हिमशेव

मी इकडे अमेरिकेत शिकताना एका विद्यापीठात अशाच प्रयोगाला बसले होते, पैसे मिळायचे म्हणून. डोक्यावर २५६ टोकांची ओली जाळी, हेअरनेटसारखी. खारट पाणी कानात जातं. मग रात्रभर टूंऽऽ असा आवाज, आणि स्पीकरवरून तोच प्रश्न: आवाज व्हायच्या आधी मनात शेवटचं काय चाललं होतं? कधी सांगायला असायचं (एकदा मी आजोळच्या माजघरात लोणच्याची बरणी शोधत होते), कधी काहीच नाही. पण एक तिसराच प्रकार खूपदा व्हायचा. काहीतरी होतं हे नक्की, पण काय ते सांगता येत नाही. तोंडावर आलेलं निसटावं तसंही नाही, कारण निसटलेल्याचा आकार तरी लक्षात असतो. त्यांच्या फॉर्मवर त्यासाठी वेगळा रकाना होता, त्याचं मला आश्चर्य वाटलं.

संपादक

तूर्या आणि संथागार यांचे चार प्रतिसाद उडवले आहेत. वाद वेदान्त आणि आंबेडकर यांच्यावर होऊ द्या, एकमेकांच्या आडनावांवर नको.

बेळगावी_कुंदा

मी मुंडगोडला जाऊन आलोय, म्हणून लिहितो. हुबळीवरून पुढं तासाभरावर. शेतांमधून जाताना अचानक सोनेरी छपरं दिसायला लागतात. १९५९ नंतर तिबेटातून आलेल्यांची वसाहत आहे, ड्रेपुंग आणि गांदेन हे मोठे मठ तिथं परत उभे केले. धरमशालेचं नाव सगळे घेतात, पण जानेवारी २०१३ ची माइंड अँड लाइफची बैठक आमच्या या मुंडगोडला झाली होती बघा. हजारो भिक्षू खाली बसलेले आणि स्टेजवर मेंदूशास्त्रज्ञ क्रिस्टॉफ कॉख मेंदू आणि जाणीव सांगताहेत.

मी गेलो तो नंतर, मित्राच्या गाडीतून. अमेरिकेतल्या एमरी विद्यापीठानं भिक्षूंना विज्ञान शिकवायचा कार्यक्रम काढलाय, तिथलं एक केंद्र बघितलं. टेबलावर प्लास्टिकचा मेंदू, त्याचे तुकडे निघतात तसला. एक तरुण भिक्षू तो हातात धरून मला हिंदीत समजावत होता, आणि संध्याकाळी तोच अंगणात वादविवादाला उभा. तुम्ही बघितलं नसेल तर सांगतो: एक जण खाली बसतो, दुसरा उभा राहून प्रश्न टाकतो आणि प्रश्न संपला की पाय आपटून फाटकन टाळी देतो. बसलेल्यानं हो, नाही किंवा 'का' एवढ्यातच सुटायचं असतं. मी त्याला म्हटलं, मेंदूचा मागचा भाग जागा असला की स्वप्न पडतं म्हणतात, मग तुमचं मन कुठं राहिलं? तो हसला. म्हणाला, धूर दिसला की आग आहे एवढं कळतं, पण तुमच्या यंत्रात दिसतंय ते धूर की आग, हे यंत्रच सांगतं का?

मला तेव्हा काय सुचलं नाही. नंतर चहा झाला.

खडूस_काका

याच कॉखसाहेबांनी १९९८ मध्ये डेव्हिड चाल्मर्स या तत्त्वज्ञाशी पैज लावली होती की २५ वर्षांत जाणिवेची मेंदूतली खूण सापडेल. २०२३ साली हरले आणि वाइनची पेटी दिली. तेव्हा तुमच्या भिक्षूचा प्रश्न रास्तच आहे. पण तो दोन्ही बाजूंना लागू आहे. यंत्र सांगत नाही म्हणजे सूक्ष्म मन आहेच, असं होत नाही.

आणि ध्यानवाल्यांच्या त्या 'गामा लहरी', म्हणजे मेंदूच्या वेगवान लहरी. २००४ साली विस्कॉन्सिनच्या रिचर्ड डेव्हिडसन यांच्या प्रयोगशाळेतून अँटवान लुट्झ वगैरेंनी छापलं: आठ साधक, दहा ते पन्नास हजार तास ध्यान केलेले, गामा लहरी प्रचंड. पुढच्या वर्षी दलाई लामांना वॉशिंग्टनच्या मेंदूशास्त्र परिषदेत बोलावलं तर शेकडो शास्त्रज्ञांनी निषेधाच्या अर्जावर सह्या केल्या. सह्या करणारे सगळे काही कोत्या मनाचे नव्हते. कवटीवरून घेतलेला गामा बरेचदा कपाळाच्या आणि डोळ्यांच्या स्नायूंचा असतो. ताईंना विचारा.

रात्रपाळी

खरंय. पेशंटने दात आवळले तरी स्क्रीन काळीकुट्ट होते. म्हणून मला जागेपणीच्या गामापेक्षा झोपेतला महत्त्वाचा वाटतो, कारण झोपेत स्नायू तुलनेने शांत असतात. २०१३ मध्ये त्याच विस्कॉन्सिनमधून आलं: अनुभवी बौद्ध साधकांच्या नॉन-रेम झोपेत मेंदूच्या मागच्या-वरच्या भागात गामा जास्त, आणि आयुष्यभराचं ध्यान जितकं जास्त तितका तो जास्त. त्याच गटाला चार वर्षांनी, म्हणजे वर सांगितलेल्या २०१७ च्या अभ्यासात, स्वप्नांचा पट्टा सापडला तो साधारण याच बाजूला. पण त्या साधकांना त्या वेळी काही जाणवत होतं का, हे त्या आकड्यातून कळत नाही. रेष आहे, साक्ष नाही.

मौन_दहा_दिवस

मी साक्ष देतो. इगतपुरीला विपश्यनेची दहा दिवसांची शिबिरं केली आहेत. शेवटच्या दिवसांत झोप अशी विचित्र होते की अंग झोपलंय, घोरणंही ऐकू येतंय (स्वतःचं!), आणि आत कोणीतरी नुसतं बघतंय. सकाळी चारला घंटा होते तेव्हा थकवा नसतो. घरी आलं की चार दिवसांत जातं.

खडूस_काका

स्वतःचं घोरणं ऐकणारा झोपलेला नसतो, इतकं साधं आहे.

रात्रपाळी

इतकं साधं नाही, काका. आमच्याकडे दर थोड्या दिवसांनी एखादा पेशंट सकाळी वैतागून सांगतो, "रात्रभर डोळ्याला डोळा नाही, सगळं ऐकू येत होतं." रेकॉर्डिंगमध्ये सहा-साडेसहा तास झोप. खोटं बोलत नसतो बिचारा. डॉक्टर त्याला झोपेचा गैरसमज म्हणतात आणि समजूत काढून पाठवतात. मला मात्र तिथे अडखळायला होतं. त्याच्या झोपेत जाणीव खरोखरच चालू असेल तर? ज्याचा त्याला एवढा जाच होतो, तेच मिळवायला मुंडगोडचा भिक्षू वर्षानुवर्षं खपतो. रेषेवर दोघं कदाचित सारखेच दिसतील. एक गोळी मागतो, दुसरा गुरूला दंडवत घालतो.

बंगळुरूच्या निम्हान्स या मेंदू आणि मानसिक आरोग्याच्या संस्थेत विपश्यना करणाऱ्यांच्या झोपेवर काम झालंय. वय वाढलं की गाढ झोप घटते, या साधकांत ती चांगली टिकलेली दिसली. म्हणजे 'जागे राहतात म्हणून झोप वरवरची' हेही सरसकट खरं नाही.

आणि हे वाचून कोणी मध्यरात्री गजर लावून स्वप्नात जागं व्हायचा नाद करणार असेल तर: आधीच निद्रानाश, भास, मानसिक आजाराची औषधं असं काही असेल तर कृपया नको. झोप मोडण्याची किंमत दिवसा मोजावी लागते.

चिंचेचा_पाला

एक शंका. मेल्यावर भिक्षूचं शरीर दिवसेंदिवस ताजं राहतं, बसल्याजागी, असं वाचलंय. तिथे सूक्ष्म मन मोजलं का कोणी?

रात्रपाळी

त्याला थुकदम म्हणतात. परंपरेनुसार साधक तेव्हा मृत्यूच्या प्रभास्वरात असतो. डेव्हिडसन यांच्या गटाने तिबेटी वैद्यांच्या मदतीने भारतातच अभ्यास केला, २०२१ मध्ये छापला. मेंदूची विद्युतहालचाल: काहीही नाही. मात्र नोंदी मृत्यू जाहीर झाल्यावर दिवसभर उलटून गेल्यानंतरच्या होत्या. शरीर का टिकतं हा प्रश्न वेगळा आणि अजून उघडा.

खडूस_काका

दलाई लामांनीच लिहिलंय ना, विज्ञानाने एखादी बौद्ध समजूत चुकीची ठरवली तर बौद्धांनी बदलायला हवं? मग बदलली का?

पाली_पान

समजूत अशी आहे की ते मन मेंदूवर टेकलेलं नाही. मग मेंदूत काही सापडलं नाही याने ती चुकीची कशी ठरेल? आणि खरी तरी कशी ठरेल? कोणत्याच निकालाने हलणार नाही असं विधान संवादाच्या टेबलावर ठेवून उपयोग काय, हा माझा धरमशालेला प्रश्न असता.

संथागार

नेमकं हेच. साधकाचा अनुभव खोटा म्हणायचं कारण नाही. पण 'मला झोपेत जाग होती' ही एक गोष्ट आणि 'म्हणून मन देहाविना राहतं' ही दुसरी. पहिलीवर साधकाचा अधिकार, दुसरीवर कोणाचाच जन्मसिद्ध अधिकार नाही. कालाम नावाच्या लोकांना तथागतांनी हेच सांगितलं होतं, श्रमण आमचे गुरू आहेत एवढ्यासाठी मानू नका.

रात्रपाळी

आता मला सगळ्यात अवघड वाटणारी गाठ. स्वप्नात डोळ्यांनी खूण देता येते. स्वप्नाविना झोपेत जाग असलेल्याला सांगितलं, 'तिथे पोचलास की डोळे फिरव', तर काय होईल? 'आता खूण करायची' हा विचार मनात आला की ती रिकामी झोप राहिलीच नाही. खूण दिली तर ती अवस्था मोडली, नाही दिली तर आम्हाला कळणार नाही. म्हणजे उरतं फक्त उठल्यावरचं सांगणं. आणि तिथे परत नैयायिक दार अडवून उभे: हे आठवतंय की अनुमान करतोयस?

तूर्या

यावर तोडगा असू शकतो. अचानक उठवायचं, तो आपण होऊन उठायच्या आत. अनुमानाला वेळ आणि पुरावा लागतो. किती वाजले, किती झोपलो, काहीच माहीत नसताना उठवल्या-उठवल्या तो म्हणाला 'जाग होती, पण कशाचीच नाही', तर ते अनुमान म्हणणं कठीण जाईल.

हिमशेव

आणि प्रश्न 'काय चाललं होतं' असा नको. त्यात 'काहीतरी' गृहीत धरलंय. मला तेव्हा कोणी नुसतं 'होतीस का?' असं विचारलं असतं तर मी कितीदा तरी 'हो' म्हटलं असतं. उघडच, तेही उत्तर तोंडात कोंबल्यासारखं होईल.

खडूस_काका

तूर्या, पहिल्यांदाच तुमच्याशी सहमत होतोय, तब्येत बरी आहे ना बघतो. पण पथ्यं सांगतो. अर्धे साधक, अर्धे ताईंचे ते 'डोळ्याला डोळा नाही'वाले, आणि तिसरा गट साध्या झोपाळू लोकांचा. कोणाला केव्हा उठवायचं ते चिठ्ठ्या टाकून ठरवायचं. उत्तरं तपासणाऱ्याला माणूस कोणत्या गटातला हे कळता कामा नये. साधक मंडळी उत्तरात 'साक्षीभाव' वगैरे शब्द घालून ओळख देतील, तेव्हा शब्द गाळून टाईप करून द्या. तपासायला मी येतो. पेन्शन चालू आहे, आयुष्यभर पेपर तपासलेत.

मौन_दहा_दिवस

मी पहिल्या गटात. फक्त खारट पाणी कानात जाणार असेल तर आधी सांगा.

बेळगावी_कुंदा

मुंडगोडच्या त्या पोराला हा आराखडा पाठवतो. टाळी वाजवून काय म्हणतोय ते इथं टाकतो.